मॉर्मन पंथ : बाहेरच्यांच्या नजरेतून

‘मॉर्मन’ हे नाव या पंथाच्या लोकांनी स्वतः घेतलेले नाही. विरोधकांनी ते हिणवण्यासाठी ठेवले आणि पुढे चिकटून बसले. पंथाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे लांबलचक आहे. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. मोरोनी नावाच्या देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण दैवी साहाय्याने भाषांतरित केला, असे तो सांगे. तो मजकूर म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’, आणि त्यावरूनच हे टोपणनाव. आज पंथाचे सदस्य १ कोटी ७० लाखांहून अधिक असून त्यांतले निम्म्यापेक्षा जास्त अमेरिकेबाहेर राहतात. मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे.

पंथाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान हा या नोंदीचा विषय नाही. बाहेरच्या लोकांना तो कसा दिसला, हा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉर्मन म्हणजे जनानखाना बाळगणारा दाढीवाला हुकूमशहा, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉर्मन म्हणजे चहासुद्धा न पिणारा, जरा जास्तच गोड बोलणारा शेजारी. एकाच समाजाची ही दोन चित्रे. पहिले रंगवणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात एकही मॉर्मन पाहिलेला नव्हता. जे प्रत्यक्ष जाऊन आले त्यांचे लेखन निराळेच निघाले. ऐकलेला मॉर्मन आणि भेटलेला मॉर्मन यांतली ही तफावत या विषयात जागोजाग आडवी येते.

सुरुवातीचा आक्षेप साधा होता : जोसेफ स्मिथ लबाड आहे. पंथ चार वर्षांचा होतो न होतो तोच, १८३४ मध्ये, ओहायोतील पत्रकार एबर हाउ याने त्याचा ‘बुरखा फाडणारे’ पुस्तक छापले. पण शेजाऱ्यांना खरी भीती धर्मग्रंथाची नव्हती, एकगठ्ठा मतांची आणि एकत्र घेतलेल्या जमिनींची होती. मॉर्मन जिथे जात तिथे गावेच्या गावे वसवत, एकमेकांतच व्यवहार करत आणि नेत्याच्या शब्दावर मतदान करत. मिसुरीचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने २७ ऑक्टोबर १८३८ रोजी हुकूम काढला, की मॉर्मनांना शत्रू समजून त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे १७ मॉर्मन मारले गेले. हा हुकूम कागदोपत्री रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. इलिनॉय राज्यातही तीच गत झाली. जोसेफ स्मिथच्या गुप्त बहुपत्नीत्वावर कोरडे ओढणारे एक वृत्तपत्र निघाले, त्याचा छापखाना मोडण्यात आला, आणि त्या प्रकरणी कार्थेजच्या तुरुंगात असलेल्या स्मिथला व त्याच्या भावाला जमावाने २७ जून १८४४ रोजी गोळ्या घातल्या. उरलेले लोक ब्रिगम यंग याच्या मागे पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोहोचले.

जनानखान्याची दंतकथा

२९ ऑगस्ट १८५२ रोजी पंथाने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केले आणि लेखकांना चराऊ कुरण मिळाले. कोंडून ठेवलेल्या बायका, रात्री पळणाऱ्या तरुणी, गुप्त मारेकरी अशा मसाल्याच्या कादंबऱ्यांची लाट आली. व्यंगचित्रांत युटाचे घर तुर्की सुलतानाच्या महालासारखे दिसू लागले आणि स्मिथला ‘अमेरिकेचा महंमद’ म्हणण्याची पद्धत पडली. मॉर्मनांच्या डोक्यावर शिंगे असतात, असेही लोक एकमेकांना सांगत. १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटले.

भीतीला खतपाणी घालणारी कृत्येही घडली, हे नोंदवले पाहिजे. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सैनिकांनी, पाय्यूट या मूळ अमेरिकी जमातीच्या काही लोकांना सोबत घेऊन, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली आणि पुढे कित्येक वर्षे दोष पाय्यूटांवर ढकलला. शिक्षा एकट्या जॉन ली याला झाली, तीही २० वर्षांनी. बाहेरच्यांचे सगळेच पूर्वग्रह हवेतून आले होते, असे म्हणणारे मॉर्मन इतिहासकार आता फारसे उरलेले नाहीत.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत सर्वांत तयारीचा माणूस रिचर्ड बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी केलेला, हिंदुस्थानी आणि गुजरातीबरोबर मराठीचीही परीक्षा दिलेला, वेष पालटून मक्केला जाऊन आलेला हा अधिकारी १८६० मध्ये सुमारे तीन आठवडे सॉल्ट लेक सिटीत राहिला. पूर्वेकडचे बहुपत्नीत्व त्याने जवळून पाहिले होते, त्यामुळे युटात जनानखाना शोधायला गेलेल्या इतरांसारखा तो दिपून गेला नाही. त्याला दिसला तो अगदी रुक्ष, कष्टाळू, काटकसरी संसार. त्या भागात नोकर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, तेव्हा आणखी एक लग्न हा हिशेबाचा भाग आहे, असे कारणही त्याने दिले. आपल्याला पंथात घ्याल का, असे त्याने ब्रिगम यंगला विचारले तेव्हा, ‘कॅप्टन, असला उद्योग तुम्ही यापूर्वीही एकदा केला आहे ना?’ असे उत्तर मिळाल्याचा किस्सा सांगितला जातो. मक्केची बातमी युटापर्यंत पोहोचली होती!

चार्ल्स डिकन्सचा अनुभव याहून बोलका आहे. जून १८६३ मध्ये लंडनच्या गोदीत ‘अ‍ॅमेझॉन’ नावाच्या जहाजावर आठशेच्या आसपास मॉर्मन अमेरिकेला निघाले होते. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल अशा पक्क्या समजुतीने तो जहाजावर चढला. पाहतो तर कुठे भांडण नाही, दारू नाही, जागेसाठी रेटारेटी नाही. लोक ओळीने बसून घरी पत्रे लिहीत आहेत. हे कोण आहेत ते ठाऊक नसते तर आपण यांना इंग्लंडमधली निवडक माणसे म्हटले असते, असे त्याने लिहिले. युटात पोहोचल्यावर त्यांचे काय होईल याबद्दलची शंका मात्र त्याने राखून ठेवली.

मार्क ट्वेन १८६१ मध्ये सॉल्ट लेक सिटीतून गेला. मुक्काम जेमतेम दोन दिवसांचा, पण थट्टा अजून टिकून आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ला त्याने ‘छापील क्लोरोफॉर्म’ म्हटले आणि त्यातले ‘आणि असे झाले की’ हे पालुपद काढून टाकले तर ग्रंथाची पुस्तिका उरेल, अशी मल्लिनाथी केली. ज्यूल्स व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासातही (१८७३) रेल्वेच्या डब्यात व्याख्यान झोडणारा एक मॉर्मन प्रचारक येतो. श्रोते एकेक करून सटकतात. पुढे एक मॉर्मन घरच्या भांडणातून पळून धापा टाकत गाडी पकडतो. तुला बायका किती, असे विचारल्यावर तो हात वर करून म्हणतो, ‘एक, आणि तीच पुरे झाली!’

मराठी वाचकाची मॉर्मनांशी पहिली गाठ बहुधा शेरलॉक होम्सने घालून दिली. होम्सच्या पहिल्याच कादंबरीचा (१८८७) उत्तरार्ध युटात घडतो. जबरदस्तीचे लग्न आणि सूड घेणारी गुप्त टोळी हा त्याचा गाभा. ती लिहिताना कॉनन डॉइलने युटा पाहिलेले नव्हते. १९२३ मध्ये परलोकविद्येवर व्याख्याने देत तो अमेरिकाभर फिरला, तेव्हा सॉल्ट लेक सिटीत त्याला पंथाचेच भव्य सभागृह मिळाले आणि श्रोत्यांनी ते भरून टाकले. या आदरातिथ्याने तो ओशाळला. पूर्ण माघार त्याने घेतली नाही, पण नंतरच्या लेखनात सूर बदलला. कादंबरी अर्थात तशीच छापली जात राहिली, आणि डॉइलचे नंतरचे प्रवासवर्णन कोण वाचतो?

बाहेरच्यांच्या तर्काला सर्वांत मोठा धक्का बायकांनी दिला. युटाच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला की त्या बहुपत्नीत्व झुगारून देतील, असे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या सुधारकांना वाटत होते. १८७० मध्ये तो मिळाला. स्त्रियांनी तसे काहीच केले नाही, उलट आपल्या पंथाच्या बाजूने सभा भरवल्या. अखेर १८८७ च्या कायद्याने संसदेनेच त्यांचा मताधिकार काढून घेतला. १८९० मध्ये पंथाध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवी बहुपत्नीक लग्ने थांबवण्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. बहुपत्नीत्व सोडायला तयार नसलेले गट फुटून निघाले. ते आजही आहेत, आणि दूरदर्शन मालिकांतून दिसणारे अनेक बायकांचे ‘मॉर्मन’ घर बहुधा त्यांचे असते. मूळ पंथ अशा लग्नासाठी सदस्याला बहिष्कृत करतो, हे सांगून त्यांचे प्रवक्ते थकले आहेत.

श्रद्धा कोणाच्या कानाला खटकतात

मॉर्मन श्रद्धांचा विचित्रपणा ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतो. देवाला हाडामांसाचे शरीर आहे, माणूस जन्मापूर्वीही होता, आणि आज्ञापालनातून तो देवत्वाला पोहोचू शकतो, हे ऐकून पारंपरिक ख्रिस्ती धर्मपंडित हादरतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा रूढ सिद्धान्त मॉर्मन मानत नाहीत म्हणून अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना ख्रिस्तीच धरत नाहीत. २००१ मध्ये व्हॅटिकनने त्यांचा बाप्तिस्मा अवैध ठरवला. नराचा नारायण होतो हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला यात दचकण्यासारखे काही सापडत नाही. ‘प्रत्येक मॉर्मनाला मेल्यावर स्वतःचा ग्रह मिळतो’ हा विनोद याच शिकवणीचे विडंबन आहे. पंथ त्या भाषेत बोलत नाही.

मृतांच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याचा विधीही असाच. श्राद्ध-तर्पण करणाऱ्याला त्यामागची भावना कळते : आपल्याआधी गेलेल्यांसाठी काही करावे. पण पूर्वज दुसऱ्यांचे असले की प्रश्न चिघळतो. नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावे या विधीत आल्याने तीव्र संताप उसळला. १९९५ मध्ये पंथाने ते थांबवण्याचे मान्य केले, तरी २०१२ मध्ये अ‍ॅन फ्रँकच्या नावावरून पुन्हा वादळ उठले. महात्मा गांधींचाही असा बाप्तिस्मा झाल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. विधीने मृतावर सक्ती होत नाही, त्याच्या आत्म्याला तो नाकारता येतो, हे पंथाचे उत्तर घरच्यांचे समाधान करत नाही.

मंदिरात दीक्षा घेतलेले सदस्य कपड्यांखाली घालतात ते पवित्र वस्त्र तर थट्टेचा हुकमी विषय. बाहेरचे त्याला ‘जादूची चड्डी’ म्हणतात. २०१४ मध्ये पंथाने एका चित्रफितीत ते वस्त्र उघडपणे दाखवले आणि भिक्षूंची भगवी वस्त्रे, ज्यूंची प्रार्थनेची शाल यांच्या रांगेत नेऊन ठेवले. झाकल्याने जितके कुतूहल वाढले होते, तितके दाखवल्यावर उरले नाही. मात्र समर्पण झालेल्या मंदिरात परक्याला प्रवेश नसतो. मुलगी मंदिरात लग्न करते आणि पंथाबाहेरचे आईवडील दाराबाहेर थांबतात, हा अनुभव कुठल्याही तात्त्विक वादापेक्षा जास्त बोचतो.

सभ्यतेची कीर्ती आणि तिची अढी

विसाव्या शतकात चित्र पालटले. भव्य गायनवृंद, मोठी कुटुंबे, पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि जोडीने हिंडणारे तरुण प्रचारक ही नवी ओळख झाली. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष स्वखर्चाने प्रचाराला जातात. धर्मगुरूचे काम गावातलाच कोणी दंतवैद्य किंवा हिशेबनीस विनावेतन करतो. महिन्यातून एक रविवार उपवास असतो आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी जातात. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. ‘गरम पेये’ निषिद्ध ठरवणाऱ्या १८३३ च्या उपदेशाचा हा अर्थ. थंड कोला त्यात बसत नाही, म्हणून युटात कोल्यात नारळाचे सरबत, लिंबू आणि साय घालून देणारी दुकाने जोरात चालतात. जेलीच्या एका गोड पदार्थाला युटाच्या विधिमंडळाने २००१ मध्ये राज्याचा अधिकृत खाऊ ठरवले, यावर तर बाहेरचे अजून हसतात.

युटात राहायला आलेल्या परक्यांची तक्रार वेगळीच असते. पहिल्या आठवड्यात सगळी आळी खाऊ घेऊन दारात येते, पण धर्मांतराची आशा संपली की येणे-जाणे विरळ होते, असे ते सांगतात. मॉर्मनांना विचारले तर ते म्हणतात, आमचे आठवड्याचे सातही दिवस चर्चच्या कामांत जातात. दोन्ही खरे असावे. सभ्यतेच्या चित्रावर डागही आहेत. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य मिळायला १९७८ साल यावे लागले, आणि गुंतवणुकीचा प्रचंड साठा आडपडद्याने ठेवल्याबद्दल अमेरिकी रोखे नियामकाने २०२३ मध्ये पंथ व त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला.

याच पंथाचे मिट रॉम्नी २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते त्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे पंथाची यथेच्छ टिंगल करणारे संगीत नाटक गर्दी खेचत होते. पंथाने निदर्शने केली नाहीत. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतच जाहिरात दिली : नाटक पाहिलेत, आता पुस्तक वाचा. २०१८ मध्ये मात्र तेव्हाचे पंथाध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हा शब्दच वापरू नका असे सांगितले आणि ‘मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर’ या पंथाच्या गायनवृंदाचेही नाव बदलले. बाहेरच्यांनी ते फारसे मनावर घेतलेले नाही.

भारताशी धागा

ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला. पुण्यात त्याने मूठभर अनुयायांची शाखा उभी केली, त्यांत बहुतेक लष्कराशी संबंधित युरोपीय होते. वर्तमानपत्रे आणि पाद्री विरोधात गेले, त्यात बहुपत्नीत्वाची बातमी येऊन थडकली, आणि काही वर्षांत प्रचारक परतले. भारतातील पहिल्या मंदिरासाठी बेंगळुरूची निवड जाहीर झाली ती २०१८ मध्ये.

कायद्याच्या पुस्तकांत मात्र दोन्ही देश आधीच भेटले होते. ब्रिगम यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याच्या खटल्यात १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुपत्नीत्व ही मुख्यतः आशिया-आफ्रिकेची चाल असल्याचे म्हटले आणि विचारले : एखादी पत्नी धर्म समजून पतीच्या चितेवर जाऊ लागली, तर सरकारने तिला अडवू नये काय? मॉर्मनांना दोषी ठरवताना सतीचा दाखला दिला गेला. पुढे द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला आव्हान देणारा नरसू आप्पा माळी खटला मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यासमोर दाखला उलटा फिरला : धर्माच्या नावाखालची प्रथा राज्य रोखू शकते, यासाठी अमेरिकेतल्या मॉर्मनांविरुद्धच्या निकालाचा आधार घेतला गेला.

युटातील स्पॅनिश फोर्क गावी एक राधाकृष्ण मंदिर आहे. ते उभारताना मॉर्मन शेजाऱ्यांनी अंगमेहनत केली, पैसेही दिले. तिथल्या होळीच्या उत्सवाला हजारो तरुण लोटतात, त्यांत जवळच्या ब्रिगम यंग विद्यापीठातली मॉर्मन मुलेमुली पुष्कळ. रंगात न्हालेली ही गर्दी ‘हरे कृष्ण’ म्हणत नाचते, आणि भांगेचा थेंबही कुठे दिसत नाही.