शट डाउन केलेला संगणक खरोखर बंद होतो का?

विंडोज 10 किंवा 11 असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडला की 'परफॉर्मन्स' विभागात 'सीपीयू' निवडावे आणि आलेखाखाली 'अप टाइम' या शब्दांजवळचा आकडा वाचावा. संगणक पूर्णपणे नव्याने सुरू झाल्याला किती दिवस, तास आणि मिनिटे झाली, हे तो आकडा सांगतो. रोज संध्याकाळी न चुकता 'शट डाउन' करून घरी जाणाऱ्या माणसाच्या संगणकावरही तिथे दहा-बारा दिवस लिहिलेले आढळू शकतात. हा आकडा चुकीचा नसतो. विंडोजच्या दृष्टीने तेवढ्या दिवसांत संगणक एकदाही पूर्णपणे बंद झालेला नसतो, आणि 'रोज बंद करूनही संगणक का अडखळतो' या नेहमीच्या तक्रारीमागचे एक कारण बरेचदा इथेच सापडते.

बंद करून पुन्हा चालू केल्याने संगणक सुधारतो, हा अनुभव जवळपास प्रत्येकाचा आहे आणि त्याला पक्का भौतिक आधार आहे. संगणकाची कार्यस्मृती, म्हणजे रॅम, ही अतिसूक्ष्म कपॅसिटरांची बनलेली असते. प्रत्येक कपॅसिटरमधील विद्युतभार सतत गळत असल्यामुळे साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज तोडली की हे भरणे थांबते आणि रॅममधील सगळी नोंद थोड्याच वेळात पुसली जाते. संगणक दिवसभर चालू असताना बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टी याच नोंदीत घडतात. एखादा प्रोग्रॅम स्मृतीचा तुकडा मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करायला विसरतो, प्रिंटरचा किंवा वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत अडकून पडतो, नाहीतर कुठला तरी मोजक, म्हणजे काउंटर, आपल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

मोजकाचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. विंडोज 95 आणि 98 या आवृत्त्यांत संगणक सुरू झाल्यापासूनचा काळ मिलिसेकंदांत मोजणारा मोजक 32 बिटांचा होता. त्यात जास्तीत जास्त 4,29,49,67,296 इतक्या मिलिसेकंदांपर्यंतचीच मोजणी मावत असे, आणि तेवढा काळ म्हणजे सुमारे 49.7 दिवस. त्यानंतर मोजक शून्यावर येई आणि संगणक गोठून बसे. हा प्रश्न केवळ घरगुती संगणकांपुरता मर्यादित नाही. 2015 साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग 787 विमानांसाठी एक आदेश काढला होता. विमानाचा वीजपुरवठा सलग 248 दिवस चालू राहिला, तर जनित्रांच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमधील मोजक मर्यादा ओलांडून जनित्रे बंद पडू शकतील, म्हणून हा पुरवठा ठरावीक काळाने पूर्ण बंद करावा, असे त्यात सांगितले होते. उपाय तोच, बंद करून पुन्हा चालू करणे.

मग रोज शट डाउन करूनही हा उपाय लागू का पडत नाही? याचे उत्तर 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 मध्ये आहे. त्या आवृत्तीपासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक संगणकांवर ती आधीपासूनच चालू असते. त्या वेळी बहुतेक संगणकांत फिरती हार्ड डिस्क होती, आणि शेकडो लहान-मोठ्या फायली शोधून, वाचून कार्यप्रणाली उभी करायला बराच वेळ लागत असे. अभियंत्यांनी त्यावर खरोखर कल्पक तोड काढली. शट डाउन केल्यावर आपण उघडलेले सगळे प्रोग्रॅम बंद होतात, आपले खातेही बंद होते, पण कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याला जोडलेले ड्रायव्हर मात्र मोडून टाकले जात नाहीत. रॅममध्ये त्यांची जी स्थिती असते ती जशीच्या तशी, आकसून, सी ड्राइव्हवरील एका लपवलेल्या फायलीत लिहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर ती एका दमात वाचून पुन्हा रॅममध्ये ठेवली जाते. यामुळे तपासलेल्या बहुतेक संगणकांचा सुरू होण्याचा वेळ 30 ते 70 टक्क्यांनी घटतो, असे मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये जाहीर केले होते.

अडचण अशी की बिघाडही याच स्थितीचा भाग असतो. अडकलेला ड्रायव्हर किंवा त्याने धरून ठेवलेली स्मृती रॅमसोबत पुसली जायला हवी होती, पण ती आता डिस्कवर सुखरूप जपली जाते आणि सकाळी पुन्हा जिवंत होते. आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची किंवा प्लग काढून ठेवण्याची चांगली सवय पुष्कळ घरांत आहे. विजेच्या सुरक्षिततेसाठी ती पाळावीच, पण या बाबतीत तिचा काही उपयोग होत नाही, कारण डिस्कवरील नोंदीला वीज लागत नाही.

'रीस्टार्ट'ची गोष्ट वेगळी आहे. नवे ड्रायव्हर आणि अद्ययावत केलेल्या फायली लागू होण्यासाठी कर्नल नव्यानेच उभा राहावा लागतो, म्हणून रीस्टार्ट करताना विंडोज जुनी स्थिती साठवत नाही. दोन्ही पर्याय एकाच मेनूत शेजारी शेजारी असतात आणि बहुतेकांना रीस्टार्ट हा शट डाउनपेक्षा सौम्य उपाय वाटतो, प्रत्यक्षात मात्र तोच अधिक कडक आहे. मेनूतील नावांवरून हा फरक कुणालाही कळणार नाही, आणि वापरणाऱ्यांना तो स्पष्ट शब्दांत सांगितला जायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. ज्यांना संगणक पूर्ण बंदच करायचा आहे त्यांनी शिफ्टची कळ दाबून धरावी आणि मग शट डाउनवर क्लिक करावे, म्हणजे त्या एका वेळेपुरते कर्नलही मोडला जातो. खात्री करून घ्यायची असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सिस्टमच्या नोंदींत कर्नल-बूटची 27 क्रमांकाची नोंद शोधावी. बूटच्या, म्हणजे सुरू होण्याच्या, प्रकारापुढे शेवटचा अंक 0 असेल तर संगणक पूर्ण नव्याने सुरू झाला आहे, 1 असेल तर साठवलेल्या कर्नलवरून, आणि 2 असेल तर हायबरनेट केलेल्या, म्हणजे उघडलेल्या प्रोग्रॅमांसह सगळी स्थिती डिस्कवर साठवलेल्या, अवस्थेतून.

ही सोय कायमची बंद करावी का? फिरती हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकावर ती राहू द्यावी आणि आठवड्यातून एखादे वेळी रीस्टार्ट करावे. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, असलेल्या संगणकावर मात्र वाचणारा वेळ इतका थोडा असतो की त्यासाठी जुनी स्थिती दिवसेंदिवस वाहत नेण्यात मला अर्थ दिसत नाही. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स' उघडावे, डावीकडे पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवणाऱ्या दुव्यावर जावे, वरच्या ओळीवर क्लिक करून फिकट दिसणारे पर्याय मोकळे करावेत आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'पुढची खूण काढून टाकावी. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली अशा दोन्ही असतील तर हे आवश्यकच आहे. साठवलेल्या कर्नलला विंडोजच्या ड्राइव्हची जी स्थिती आठवत असते, ती मधल्या काळात लिनक्सने काही लिहिल्यामुळे बदलली, तर फायली खराब होण्याचा धोका असतो. म्हणूनच अशा वेळी लिनक्स तो ड्राइव्ह बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यास नकार देते.

प्रत्येक वेळी सगळाच संगणक रीस्टार्ट करावा लागतो असेही नाही. टास्कबार गोठला असेल आणि बाकीचे काम चालू असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर उजवे क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडावे. क्षणभर टास्कबार नाहीसा होतो आणि ताजा होऊन परत येतो, उघडलेल्या दस्तऐवजांना धक्का लागत नाही. पडदा काळा पडला किंवा चित्र फाटल्यासारखे दिसू लागले, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे केवळ ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पॉवरचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरणे हा अगदी शेवटचा मार्ग आहे. ड्राइव्हवरील फायलींची रचना विंडोज स्वतंत्र नोंदवहीच्या आधारे सहसा सावरून घेते, पण जतन न केलेला मजकूर त्या नोंदवहीत नसतो.

याच तर्काने रीस्टार्ट कुठे निरुपयोगी ठरेल हेही ओळखता येते. रीस्टार्टनंतर बिघाड त्याच रूपात लगेच परत आला, तर त्याचे मूळ रॅममध्ये नसून डिस्कवर किंवा यंत्राच्या एखाद्या भागात आहे असे समजावे. भरत आलेला सी ड्राइव्ह, संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची लांबलेली यादी, खराब झालेली फाइल, अशा ठिकाणी शोध घ्यावा. छपाईची अडकलेली रांग हे याचे सगळ्यांत नेहमीचे उदाहरण. छपाईला पाठवलेले प्रत्येक काम विंडोज आधी डिस्कवर फायलीच्या रूपात लिहून ठेवते, त्यामुळे एखादे खराब काम रांगेच्या तोंडाशी अडले, तर संगणक आणि प्रिंटर कितीही वेळा बंद-चालू केले तरी ते तिथेच राहते आणि मागची सगळी कामे अडवून धरते. अशा वेळी स्टार्ट मेनूमधून 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवावी, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम32, स्पूल या क्रमाने जाऊन 'प्रिंटर्स' या फोल्डरमधील फायली पुसाव्यात, फोल्डर मात्र तसाच ठेवावा, आणि सेवा पुन्हा सुरू करावी. रांगेतील सगळीच कामे यात जातात, म्हणून हवे असलेले दस्तऐवज त्यानंतर पुन्हा छपाईला पाठवावे लागतात.