एक किताब बुडाला, एक तरला: डलहौसी घराण्याच्या वारशाची पार्श्वभूमी

दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करणारा हिंदुस्थानचा माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी १९ डिसेंबर १८६० रोजी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या वडिलोपार्जित डलहौसी किल्ल्यात वारला. वय ४८. मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. त्याच दिवशी ‘मार्क्विस ऑफ डलहौसी’ हा सरदारकीचा किताब संपला. १८४९ मध्ये मिळालेला, एकाच माणसाने भोगलेला, जेमतेम अकरा वर्षांचा किताब. ‘अर्ल ऑफ डलहौसी’ ही त्याची दुसरी पदवी मात्र बुडाली नाही. ती चुलतभावाकडे गेली आणि आजही त्या घराण्यात चालू आहे. माणूस एकच, मग दोन पदव्यांचं नशीब वेगळं का? उत्तर त्या पदव्यांच्या कागदांत आहे.

हे मूळचं रॅम्झी घराणं. १६१८ मध्ये जॉर्ज रॅम्झीला लॉर्ड ही पदवी मिळाली, आणि १६३३ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने त्याच्या मुलाला अर्ल केलं. तेव्हा स्कॉटलंड वेगळं राज्य होतं, आणि ही पदवी स्कॉटलंडची. ती पहिल्या अर्लच्या पुरुष वंशात चालते. सरळ वारस नसेल तर शाखा बदलते, पदवी टिकते. १७१० मध्ये पाचवा अर्ल अविवाहित वारला तेव्हाही ती अशीच भाऊबंदांकडे गेली होती.

१७०७ पूर्वीच्या स्कॉटलंडमध्ये आणखी एक सोय होती, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पदवीधारक आपली पदवी राजाच्या हाती परत देई आणि नव्या सनदेत आपल्या पसंतीचा वारस लिहून घेई. म्हणजे राजाच्या संमतीने वारस नेमता येत असे. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले आणि ही वाट बंद झाली. त्यानंतर स्कॉटिश घराण्यांना ज्या नव्या पदव्या मिळाल्या त्या संयुक्त राज्याच्या, आणि त्यांच्या सनदांत सहसा एकच ठरावीक अट असे: पदवी मिळवणाऱ्याच्या औरस पुत्रांना आणि त्यांच्या पुरुष संततीला. मुलगी नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही.

दहाव्या अर्लचा, म्हणजे आपल्या डलहौसीचा, मार्क्विस किताब या दुसऱ्या जातीचा. दुसऱ्या शीख युद्धानंतर पंजाब खालसा केल्याबद्दल ऑगस्ट १८४९ मध्ये तो मिळाला, आणि किताबाच्या नावात किल्ल्याबरोबर पंजाबही जोडला गेला. वडिलांना १८१५ मध्ये मिळालेली बॅरनची पदवीही याच अटीची, म्हणून १८६० मध्ये तीही बुडाली. दत्तकाचा तर प्रश्नच नव्हता. स्कॉटलंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९३० मध्ये आला आणि दत्तक मुलाला सरदारकीचा वारसा आजही मिळत नाही.

साताऱ्याचं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचावं. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. शेवटच्या घटकेला त्यांनी वेंकोजींना विधिपूर्वक दत्तक घेतलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने १८१९ मध्ये आधीचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी केलेल्या तहात राज्य त्यांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिलं होतं. त्या शब्दांत औरस पुत्राची अट नव्हती, आणि हिंदू धर्मशास्त्रात दत्तक हा पुत्रच. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाच्या बाजूनेच मत दिलं. डलहौसीने मात्र असं ठरवलं की दत्तकाला खाजगी मालमत्ता मिळेल, क्रियाकर्माचा अधिकार मिळेल, पण सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून गादी मिळणार नाही. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी ते उचलून धरलं आणि ज्या वर्षी त्याला मार्क्विस किताब मिळाला त्याच वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं. पुढे १८५४ मध्ये नागपूर आणि झाशीचीही तीच गत झाली.

दोन्हीकडे ‘वारस नाही’ असंच म्हटलं गेलं, म्हणून ही दोन प्रकरणं एका तागडीत तोलू नयेत. डलहौसीचा किताब लिहिलेल्या अटीप्रमाणे संपला, कुणी तो हिरावून घेतला नाही. साताऱ्याचा कागद ऐसपैस होता, वाचणाऱ्याने तो अरुंद केला. आणि ज्याने तो तसा वाचला, त्याची स्वतःची अर्लची पदवी मात्र जुन्या कागदाच्या ऐसपैस शब्दांमुळेच वाचली. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तोवर ही तिन्ही राज्यं गेलेली होती.

पदवी आणि जमीन यांच्या वाटाही तिकडे वेगळ्या. डलहौसीची आई कोलस्टन इथल्या ब्राउन घराण्याची एकुलती वारस. या घराण्यात चांदीच्या पेटीत जपलेलं एक पेअर फळ आहे. हे फळ शाबूत असेतो घराणं भरभराटीत राहील, असं येस्टरच्या एका मांत्रिक सरदाराने आपल्या मुलीच्या लग्नात सांगितलं होतं, अशी दंतकथा. पुढे कुणा सुनेने त्याला दात लावला आणि घराण्यावर जमिनी विकायची पाळी आली, असंही सांगतात. मुलीमार्फत आलेली ही इस्टेट पुन्हा मुलीकडेच, डलहौसीची थोरली लेक सूझन हिच्याकडे गेली. किताब तिला मिळणं शक्य नव्हतं, फळ आणि जमीन मिळाली.

अर्लची पदवी ज्याला मिळाली तो चुलतभाऊ फॉक्स मॉल, म्हणजे लॉर्ड पॅनम्युअर, क्रिमियन युद्धाच्या काळातला ब्रिटनचा युद्धमंत्री. त्याच्या वडिलांनी मॉल घराण्याची इस्टेट मिळाल्यामुळे रॅम्झी नाव सोडलं होतं; अर्ल झाल्यावर मुलाने ते पुन्हा जोडून घेतलं. त्यालाही मूल नव्हतं. १८७४ मध्ये तो वारला तेव्हा पॅनम्युअरची बॅरनची पदवी संपली आणि अर्लची पदवी आणखी एका चुलतभावाकडे, आरमारातल्या जॉर्ज रॅम्झीकडे गेली.