सिमिनचा रुमाल आणि रझियेची चादोर

इराणी कौटुंबिक चित्रपट पाहून बाहेर पडताना कुणीतरी हमखास विचारतं, "या बायका घरातसुद्धा डोकं झाकून वावरतात?" पदर पाहून घरातल्या सुनेची रीत ताडायची आपल्या नजरेला जुनी सवय. तीच नजर घेऊन आपण असगर फरहादी यांचा 'अ सेपरेशन' (२०११) पाहतो आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकच समजतो.

चित्रपटाची नायिका सिमिन हिच्या डोक्यावरचा रुमाल हा सेन्सॉरचा नियम आहे. १९७९च्या क्रांतीनंतर तिथल्या पडद्यावर बाईचे केस उघडे दाखवायला बंदी आली, कारण प्रेक्षागृहात परके पुरुष बसलेले असतात. खऱ्या तेहरानमधली सिमिन दार लावल्याबरोबर रुमाल काढून ठेवेल. चित्रपटातली सिमिन घरात बॅग भरतानाही तो काढू शकत नाही. नियमाचा रुमाल ओळखायची खूण हीच. पाहुणा येवो, जावो, रात्र होवो, तो हलत नाही. मात्र तो सैल बांधून पुढचे रंगवलेले केस दिसू देणं, हा तिचा स्वभाव.

सिमिनचा नवरा नादेर याच्या घरी वडिलांची देखभाल करायला ठेवलेल्या रझियेची काळी चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारं वस्त्र (आपली 'चादर' फारसीतूनच आली), नियमापलीकडची आहे. कायद्याला रुमाल आणि लांब कोट पुरतो. चादोरीतून तिची श्रद्धा दिसते, आणि ती कुठल्या वस्तीतून कामाला येते तेही. नादेरच्या स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचे कपडे खराब होतात, तेव्हा ती आधी धर्माचा सल्ला देणाऱ्यांना फोन करून विचारते, की त्यांना स्वच्छ केलं तर पाप लागेल का? हे काम करतेय हे तिने नवऱ्याला सांगितलेलंच नाही. सोबतची छोटी मुलगी आपण होऊन म्हणते, बाबांना सांगणार नाही. मला या चित्रपटातली सगळ्यात जड जागा हीच वाटते.

स्पर्शाचंही असंच. नादेर आणि सिमिन एकमेकांना जवळ घेत नाहीत, ते दुराव्यामुळे असेल असं वाटतं. पण हे नट-नटी खरे नवरा-बायको नाहीत, म्हणून त्यांना पडद्यावर तशी मुभाच नव्हती. म्हाताऱ्याला हात लावताना रझिये अडखळते, ती मात्र कथा आहे.

म्हणून बाईवरचा दाब कापडात मोजू नये. तो पहिल्याच प्रसंगात आहे. न्यायाधीश दिसत नाही, नवरा-बायको थेट आपल्याकडे पाहून बोलतात. सिमिनला देश सोडायचाय. नादेर घटस्फोटाला तयार आहे, मुलीला जाऊ द्यायला नाही. सिमिनची अडचण न्यायाधीशाला क्षुल्लक वाटते. उलट हाच नादेर पेट्रोल पंपावर मुलीला उरलेले पैसे मागून आणायला परत पाठवतो, तिने आपला हक्क सोडू नये म्हणून. त्याला एका शब्दात जुनाट म्हणून मोकळं होता येत नाही.

रुमाल नियमाचाच होता, याचा पुरावा 'माय फेवरिट केक' (२०२४) या इराणी चित्रपटात मिळतो. तिथली सत्तरीची महीन घराबाहेर डोकं झाकते आणि घरात उघड्या केसांनी स्वयंपाक करते, नाचते. एवढंच. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांचे, मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा यांचे, पासपोर्ट जप्त झाले आणि आपलाच चित्रपट घेऊन त्यांना बर्लिनच्या महोत्सवाला जाता आलं नाही.