कॅमेरा घेताय? मेगापिक्सल नंतर विचारा, सेन्सर आधी विचारा

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत ताडोबा अन् मग चिखलदरा असा त्यांचा बेत ठरलाय, सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून कॅमेरा घ्यायचा आहे. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात ती जाऊन आली होती. तिथे तिला दोन कॅमेरे दाखवले, एक २४ मेगापिक्सलचा अन् एक ४८ चा, अन् ४८ वाला निम्म्याहूनही स्वस्त. "ताई, डबल मेगापिक्सल म्हणजे डबल क्लिअर, डोळे झाकून घ्या." तिने मला विचारलं, मग तो महागडा २४ चा लोक काऊन घेतात? प्रश्न अगदी बरोबर होता, अन् फोनवर अर्धा तास बोलूनही नीट सांगून झालं नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी मेगापिक्सलचा हिशेब संपवून टाकू. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख पिक्सल, अन् पिक्सल म्हणजे फोटोतला एक ठिपका. स्टुडिओतून धुऊन आणतो तो ४ बाय ६ इंची फोटो एकदम स्वच्छ यायला साधारण २ मेगापिक्सल पुरतात. घरच्या ४के टीव्हीच्या पडद्यावर मोजून ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे ८ च्या थोडं वर. १९७५ साली कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसनने डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा त्यात १०० बाय १००, म्हणजे फक्त दहा हजार पिक्सल होते अन् एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तेव्हा पिक्सल वाढवणं ही खरी गरज होती. घरगुती फोटोंपुरती ती कधीच भागली आहे. आणि स्वस्तातल्या बऱ्याच ४८ मेगापिक्सल कॅमेऱ्यांत खरे पिक्सल फार कमी असतात, मधले ठिपके सॉफ्टवेअर आजूबाजूचे बघून अंदाजाने भरतं. त्याने फाईल मोठी होते, माहिती तेवढीच राहते.

आता मुख्य गोष्ट. कॅमेऱ्याच्या आत लेन्सच्या मागे सिलिकॉनचा एक छोटा चौकोन असतो, तो सेन्सर. प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांच्या रूपात येतो, एक फोटॉन सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा करू शकतो, अन् कॅमेरा प्रत्येक पिक्सलमधले असे इलेक्ट्रॉन मोजतो. प्रकाश असा पुड्यापुड्यांनी येतो हे आईन्स्टाईनने १९०५ साली मांडलं, त्याला नोबेल मिळालं ते सापेक्षतेसाठी नाही, याच प्रकाशविद्युत परिणामाच्या कामासाठी. म्हणजे तुमचा कॅमेरा हे मुळात एक मोजणी यंत्र आहे.

अन् मोजणीत एक गंमत आहे जी मला स्वतःला फार आवडते. नागपूरचा मे महिना भाजून काढतो अन् मग मृगाचे पहिले थेंब गच्चीवर पडतात ना, तेव्हा नीट बघा. मागच्या वर्षी मी अन् माझ्या मुलीने गच्चीवरच्या फरशीच्या एकेका चौकोनात किती थेंब पडले ते मोजलं. एका चौकोनात ४, शेजारच्यात ७, पुढच्यात १, मग ५, मग ३. पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता, तरी आकडे सारखे नाहीत, कारण कुठला थेंब कुठे पडेल हे ठरलेलं नसतं. गच्ची अशी ठिपक्याठिपक्यांची दिसते. पाच मिनिटांनी प्रत्येक चौकोनात शेकडो थेंब झाले की फरक आहे तिथेच असतो पण डोळ्याला दिसत नाही, सगळी फरशी एकसारखी ओली.

फोटॉनचं तंतोतंत असंच आहे. सरासरी जितके पडणार त्याच्या वर्गमुळाइतकी चढउतार होते, गणितात याला पॉयसाँ वितरण म्हणतात. समजा रात्री हॉलमध्ये बाळाच्या गालाच्या एका बारीकशा भागातून छोट्या सेन्सरवर १०० फोटॉन आले. वर्गमूळ १०, म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे. गाल रवाळ दिसणार. आता त्याच भागासाठी मोठ्या सेन्सरवर १३०० आले. वर्गमूळ ३६, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. गाल गुळगुळीत. हे १३ पट मी मनाने नाही घेतलं. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा लांब, अन् एपीएस-सी नावाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळात १३ पट. लेन्सचा एफ आकडा (भोकाचं माप) अन् शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) सारखं ठेवलं तर प्रकाशही १३ पट. ही रवाळ कचकच कुठल्याही कंपनीची चूक नाही, ती प्रकाशाच्या स्वभावातच आहे, त्यामुळे जास्त प्रकाश गोळा करणं हाच त्यावर मूळ उपाय.

त्यात रंगीत ठिपके का येतात? पिक्सलला स्वतःला रंग कळत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बायरची १९७६ ची युक्ती अशी की प्रत्येक पिक्सलवर एक रंगीत काच, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येकाची मोजणी वेगवेगळी हलते म्हणून अंधाऱ्या फोटोत काळ्या केसांवर लालनिळा भुगा दिसतो.

बरं, आपल्या डोळ्याला हे जाणवत नाही कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. उजेड लक्समध्ये मोजतात, दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं अन् ट्यूबलाईटच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे, म्हणजे जवळपास हजार पटीचा फरक. म्हणूनच फुटाळा तलावावर दुपारी काढलेले फोटो कुठल्याही कॅमेऱ्यात छान येतात अन् वाढदिवसाचा केक कापताना सगळा खेळ बिघडतो.

लेन्सचंही तसंच. एफ पुढचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, अन् हिशेब वर्गाचा आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स झूम केली की बहुतेक एफ ५.६ वर जाते. ५० मिमीची एफ १.८ वाली लेन्स, जी लेन्सच्या दुनियेत स्वस्तात येते, ती ५.६ च्या तुलनेत साडेनऊ पट प्रकाश घेते. मोठा सेन्सर घेऊन मिणमिणती लेन्स लावली तर कमावलेलं बरंचसं परत गेलं.

कमी उजेडात मग लोक फ्लॅश मारतात, अन् इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या एका नातेवाईकांकडे महालक्ष्म्यांच्या फोटोत पांढरे गोल आले अन् फॅमिली ग्रुपवर आजी येऊन गेली असं सुरू झालं. आजीची आठवण खरी आहे, तिचा मान आहे, पण ते गोल धुळीचे अन् धुपाच्या कणांचे आहेत. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, लेन्सपासून वीतभर अंतरावरचा कण त्यात लख्ख उजळतो अन् फोकसच्या बाहेर असल्याने गोल चकतीसारखा पसरतो. अंधारात सतरंजी झटका अन् फ्लॅश मारा, पन्नास गोल येतील. अशा फोटोंवर कोणी विधी सांगून पैसे मागत असेल तर कृपा करून देऊ नका.

ताडोब्यासाठी झूम लागतो हे खरं. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, त्याचा आकडा सोडून द्या, फक्त ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणारा झूम बघा. ४०-६० पट झूमवाल्या कॅमेऱ्यांत सेन्सर बहुतेक तोच तांदळाएवढा असतो, कारण मोठ्या सेन्सरला तेवढं लांबचं बघायला हातभर लांब लेन्स लागली असती. म्हणजे सकाळी सहाच्या जिप्सीत बांबूच्या सावलीतला वाघ रवाळच येणार, नऊनंतर पाणवठ्यावरचा चांगला. मी बहिणीला सांगितलं की वाघाचा फोटो आयुष्यात चार वेळा काढशील अन् पोरांचा रोज, तेव्हा ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर तरी असू दे. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून आलंय, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, तरी साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट. अन् खांद्याला जड होईल असा घेऊ नको, तो कपाटातच राहतो. मोबाईल चांगला असेल तर दिवसाच्या फोटोंना तोच पुरे, तो एकामागोमाग बरेच फोटो घेऊन एकत्र जोडतो अन् असा प्रकाश साठवतो, फक्त पळत्या पोराला ते जमत नाही कारण प्रत्येक फोटोत पोरगं दुसरीकडे.

शनिवारी ती परत दुकानात गेली तेव्हा मी सोबत होतो. दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवले, फ्लॅश बंद केला, काउंटरखालच्या अंधारात ठेवलेल्या तिच्या काळ्या पर्सचा दोन्हींनी एकेक फोटो काढला अन् मागच्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून चेनजवळची शिवण बघितली. २४ वाल्यात टाके मोजता आले. ४८ वाल्यात चेन कुठे संपते तेच कळत नव्हतं. दुकानातल्या पोराने स्वतःहून दोन्ही परत हातात घेऊन बघितले.