जाड जेल म्हणजे आरामदायी ग्लोव्हज?

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारं एक वाक्य आहे: ‘ग्लोव्हजचं पॅडिंग जितकं जाड, तितके हात सुरक्षित, मुंग्या येणारच नाहीत.’

पटण्यासारखं आहे, कारण गादी जाड असली की बरं वाटतंच. पण मुंग्या बहुतेकदा करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटात येतात. या भागाची नस तळहाताच्या करंगळीकडच्या बुडातून जाते आणि हँडलवर टेकलेलं वजन नेमकं तिथे येतं. पॅडिंगमधलं जाड जेल हँडल पकडताना गोळा होतं, त्याची घडी तिथेच रुतते. शिवाय पकड जाडजूड झाल्याने मूठ जास्त आवळावी लागते.

दुकानातच तपासा. ग्लोव्ह घालून सायकलचं हँडल दोन-तीन मिनिटं धरा. मग तो काढून तळवा बघा: मध्येच लाल वळ उठलाय का? असेल तर तो नको. आणि सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सगळा भार हातांवर येतो. त्याला कुठलाच ग्लोव्ह पुरणार नाही.

उन्हाळ्यात जाळीदार पाठीचे, अर्ध्या बोटांचे घ्या. पावसात पूर्ण वॉटरप्रूफ घेतले तर हात आतून घामानेच भिजतात. मी ओल्यातही न घसरणारा तळवा बघतो. डिसेंबरातल्या पहाटे पुण्यात वारा अडवणारे पातळ, पूर्ण बोटांचे पुरतात. फक्त घट्ट नकोत, आत हवेला जागा उरली नाही की बोटं उलट जास्त गारठतात.