'उंडुलाटा' होस्टाला बी का धरत नाही

होस्टा म्हणजे सावलीच्या बागेत मुख्यतः पानांसाठी लावतात ते गड्ड्याचं झाड, आणि 'उंडुलाटा' हा त्याचा पानाच्या मधोमध पांढरा पट्टा असलेला प्रकार. या 'उंडुलाटा'ला उन्हाळ्यात जांभळट फुलांचे दांडे भरपूर येतात, पण फुलं गळून गेली की मागे शेंग जवळजवळ राहतच नाही. यातून नवीन व्हरायटी काढायची असेल तर आधी हे झाड आलं कुठून ते बघायला हवं.

मूळ जपानचं. 19व्या शतकात सीबोल्ड या जर्मन डॉक्टर-वनस्पतीसंग्राहकासारख्या लोकांनी जपानचे होस्टा युरोपात आणले, आणि 1833 मध्ये बर्लिनच्या ओटो आणि डीट्रिश या वनस्पतीतज्ज्ञांनी याला 'फुंकिया उंडुलाटा' (फुंकिया हे होस्टाचं जुनं नाव) म्हणून वेगळी स्पीशीजच ठरवून टाकलं, मग 1923 मध्ये अमेरिकन वनस्पतीतज्ज्ञ बेलीने ते होस्टामध्ये घेतलं. पण रानात हे झाड कुणाला सापडलेलंच नाही! जे आहे ते सगळं बागेतलं, गड्डे फोडून फोडून वाढवलेलं. शेवटी 1991 मध्ये जॉर्ज श्मिडने होस्टावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याला स्पीशीजमधून काढून कल्टिव्हार, म्हणजे माणसाने बागेत जपलेला प्रकार, केलं, आणि माझ्या मते ते फार आधीच व्हायला हवं होतं, कारण बी न धरणं हाच हायब्रिड असल्याचा मोठा पुरावा होता. दोन वेगळ्या आईबापांचे क्रोमोसोम नीट जुळले नाहीत की परागकण पोकळ निघतात. 2001 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या झोनेव्हेल्ड आणि व्हॅन आयरन या संशोधकांनी परागकण किती जिवंत आहेत यावरूनच होस्टाच्या खऱ्या स्पीशीज आणि हायब्रिड वेगळे करून दाखवले.

ब्रीडिंगच्या दृष्टीने अजून एक अडचण आहे. पानावरचा पांढरा पट्टा क्लोरोप्लास्टमधून (पेशींतल्या हरितद्रव्याच्या कणांमधून) येतो आणि होस्टात तो फक्त आईकडून, म्हणजे बीजांडातून पुढे जातो, त्यामुळे 'उंडुलाटा'चा एखादा चांगला परागकण दुसऱ्या झाडाला लागला तरी पट्टा काही मिळणार नाही, आणि आई म्हणून वापरावं तर बीच नाही.

मग यातून नवीन काय निघालं? सगळं फुटव्यांतून. पानाच्या मधला पांढरा भाग हळूहळू अरुंद होत 'युनिव्हिटाटा' होतं, पुढे पूर्ण हिरवं 'एर्रोमेना', आणि यालाही एकेकाळी वेगळी स्पीशीज मानलं होतं! पांढऱ्या काठाचं 'अल्बोमार्जिनाटा' पण याच घरातलं. म्हणून पट्टेदार रोपं बियांपासून हवी असतील तर बी धरणारी, पानभर रेघा असलेली 'डोरोथी बेनेडिक्ट'सारखी आई घ्या, आणि 'उंडुलाटा'चे गड्डे फोडताना मात्र प्रत्येक फुटवा नीट बघा, वेगळा दिसला तर लगेच बाजूला लावा.