व्यक्तीविषयीचे देवाचे ज्ञान (ख्रिस्ती धर्म)

देव प्रत्येक माणसाला त्याच्या नावानिशी, गतायुष्यानिशी आणि अंतःकरणातील गुपितांनिशी स्वतंत्रपणे ओळखतो, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा आहे. ती देवाच्या सर्वज्ञतेच्या सिद्धांतात मोडते. मात्र तिचा भर माहितीच्या व्याप्तीपेक्षा नात्यावर अधिक आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स या तिन्ही परंपरांना ती मान्य असून मतभेद आहेत ते या ज्ञानाचा मानवी स्वातंत्र्याशी मेळ कसा घालावा याविषयी.

शास्त्राधार. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या श्रद्धेचा एक अत्यंत जुना आविष्कार एका दासीच्या तोंडी आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली गरोदर हागार ही मिसरी दासी, देवदूताने नावाने हाक मारल्यावर, परमेश्वराला ‘पाहणारा देव’ असे संबोधते. यिर्मयाला उदरात घडवण्यापूर्वीच देव ओळखत होता असे त्या संदेष्ट्याच्या ग्रंथारंभी म्हटले आहे. स्तोत्रसंहितेतील 139वे स्तोत्र हा या विषयावरील सर्वांत सविस्तर उतारा होय. त्यात बसणे-उठणे, न उच्चारलेला शब्द, आईच्या उदरातील घडण हे सारे देवाला ठाऊक असल्याचे कवी सांगतो. पण तुझ्यापासून पळून मी कोठे जाऊ, असेही विचारतो. ओळखले जाण्यात दिलासा आणि धाक दोन्ही असतात, हे या स्तोत्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे आले असेल.

नव्या करारात येशू चिमण्यांचे उदाहरण देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला, तर लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना विकल्या जातात. म्हणजे पाचवी चिमणी वरकड, जवळजवळ फुकटच मिळते, आणि तिचाही देवाला विसर पडत नाही. त्याच ठिकाणी माणसाच्या डोक्यावरचे केसही मोजलेले असल्याचे वचन येते. योहानाच्या 10व्या अध्यायातील उत्तम मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि पुनरुत्थित येशूला माळी समजणारी मग्दालीया मरीया केवळ ‘मरीये’ या हाकेने त्याला ओळखते. याउलट मत्तयाच्या 7व्या अध्यायात, आपल्या नावाने चमत्कार करणाऱ्या काहींना येशू ‘मला तुमची कधी ओळख नव्हती’ असे बजावील, असे म्हटले आहे. तेथे अज्ञान अभिप्रेत नाही. नात्याचा नकार अभिप्रेत आहे.

तात्त्विक चर्चा. ज्ञान सामान्याचे, म्हणजे अनेक वस्तूंत समान असलेल्या स्वरूपाचे असते आणि बदलणाऱ्या विशिष्ट वस्तू परिपूर्ण बुद्धीच्या कक्षेत कशा याव्यात, ही ग्रीक विचारातून आलेली अडचण मध्ययुगात तीव्र झाली. इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञाने देव विशिष्ट गोष्टी सामान्य स्वरूपातच जाणतो असे प्रतिपादन केले. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (मृत्यू 1274) याने ते पुरेसे मानले नाही. देव वस्तूच्या आकाराचाच नव्हे तर तिच्या द्रव्याचाही निर्माता आहे, आणि त्याचे ज्ञान त्याच्या निर्मितीइतके दूरवर पोहोचते, म्हणून तो एकेका व्यक्तीला व्यक्ती म्हणूनच जाणतो, असे त्याचे उत्तर होते. भविष्यही देवाला ठाऊक असेल तर माणूस स्वतंत्र कसा, या प्रश्नावर बोएथियस या प्राचीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने देव कालातीत असून सर्व काळ एकाच दृष्टीत पाहतो असे सुचवले होते. पुढे स्पॅनिश येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू लुईस दे मोलिना (1535–1600) याने, कोणती व्यक्ती कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हेही देव जाणतो, असे मांडले. कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये माणसांची भावी स्वतंत्र कृत्येही देवापुढे उघडी असल्याचे जाहीर केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही प्रोटेस्टंट विचारवंतांनी मात्र, भविष्य खुले असल्याने देवही ते निश्चितपणे जाणत नाही, असे मत पुढे आणले. ते अल्पमतातच राहिले आहे.

नाशिकमधील संदर्भ. या श्रद्धेची कठोर कसोटी नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत लागली, असे म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने वसवलेल्या या ठिकाणी, अरबी समुद्रातील गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शिक्षणासाठी ठेवली जात. घर, भाषा आणि पुष्कळदा मूळ नावही हरवलेल्या या मुलांना बाप्तिस्म्यात नवी इंग्रजी नावे मिळाली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याने 1873 मध्ये मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर आफ्रिकेत त्याच्या दफनविधीचा पाठ वाचला. देव माणसाला त्याच्या नावाने ओळखतो ही शिकवण अशा मुलांना सांगताना ते कोणते नाव, हा प्रश्न मिशनऱ्यांना टाळता येण्याजोगा होता. श्रद्धेच्या आशयाला मात्र तो टाळता येत नाही. मराठीत ही श्रद्धा भक्तीच्या भाषेत आणण्याचे मोठे श्रेय नारायण वामन टिळक (1861–1919) यांना जाते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंगाचा घाट उपासनासंगीतात रुजवला आणि ख्रिस्ताला माउली व गुरू म्हणून आळवले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

आचार. बाप्तिस्म्यात उमेदवाराचे नाव उच्चारूनच जलसंस्कार होतो, आणि कॅथलिक पापनिवेदनात प्रत्येक जण आपले पाप स्वतंत्रपणे सांगतो. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने येतात आणि आजारपण, अपत्य, नोकरी अशी ज्याची त्याची गाऱ्हाणी मांडतात. मागण्यापूर्वीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते, असे येशूने सांगितले असताना मागायचे कशाला, ही शंका जुनीच आहे. प्रोबा या विधवेला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्याने या शंकेचे उत्तर दिले : देवाला आपली इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करायची नसते, जे तो देऊ इच्छितो ते घेण्याइतकी ती इच्छा प्रार्थनेने वाढावी, यासाठी करायची असते.